निखाऱ्यापासून ओव्हनपर्यंत : भाजलेल्या भाज्यांचा इतिहास

सोसायटीची नोंदणी, बोअरवेल, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स डीड या विषयांवर आपले माजी सचिव लिहिणारच आहेत, आणि त्यांच्याकडे फायलीही आहेत. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे मी जमाखर्चावर लिहीन अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. पण जानेवारीत आपल्याकडे जे सामुदायिक जेवण होतं, त्यावरून वार्षिक सभेत जी खडाजंगी होते, तिच्यामागे बराच जुना इतिहास आहे. तो एकदा कागदावर यावा म्हणून हा विषय घेतला.

एका बाजूचं म्हणणं, ओव्हनमध्ये भाज्यांचे तुकडे भाजून ताटात वाढणं हे परदेशी फॅड आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, गच्चीवर विस्तव पेटवणं हा अडाणीपणा आहे. माझं मत असं की दोन्ही बाजूंना आपलाच स्वयंपाक पुरता ठाऊक नाही.

आपल्या स्वयंपाकात भाज्या मिसळणं जुनं आहे आणि भाज्या भाजणंही जुनं आहे. पण या दोन गोष्टी एकत्र फारशा आल्या नाहीत. मिसळायचं तर पातेलं. भोगीची भाजी घ्या. वांगी, गाजर, घेवडा, वाल, हरभरा, बोरं, असं हंगामात असेल ते सगळं तीळकूट घालून शिजवायचं आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खायचं. ऋषिपंचमीची भाजीही तशीच, पातेल्यातली. भाजायचं मात्र एकेकटं. वांगं वेगळं, रताळं वेगळं, कांदा वेगळा, मक्याचं कणीस वेगळं. याचं कारण साधं आहे. उघड्या निखाऱ्यावर प्रत्येक जिन्नसाची वेळ निराळी. कणीस काही मिनिटांत होतं, रताळ्याला चांगला पाऊण तास लागतो. सगळं एकदम टाकलं तर अर्धं करपणार, अर्धं कच्चं राहणार. मिसळलेल्या भाज्या एकत्र भाजायच्या असतील तर चारी बाजूंनी बंद असलेली उष्णता हवी. म्हणजे भट्टी हवी, पुरलेलं मडकं हवं, नाहीतर ओव्हन हवा. पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सुरुवात फार मागे जाते. १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी आपल्या नाशिकला गोदाकाठच्या जुन्या गढीवर आणि प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. त्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी संस्कृती पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मोठ्या प्रमाणावर सापडली. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८पासून अनेक वर्षं खोदकाम केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं आणि घरांतल्या चुली-भट्ट्या तिथे मिळाल्या. त्या भट्टीत वांगं भाजलं की मांस, हे भट्टी सांगत नाही. पण बंद उष्णता आपल्या मुलखात इंग्रजांनी आणली, हे म्हणणं तिथेच निकालात निघतं.

लेखी पुरावा पुढचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनावर एक मोठं प्रकरण आहे. निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या एका प्रकाराला तिथे ‘भडित्रक’ म्हटलं आहे. शब्द ऐकला की मला भरीत आठवतं. व्युत्पत्ती ठरवणं हे भाषातज्ज्ञांचं काम, तेव्हा मी आग्रह धरत नाही. दुसरा दाखला सोळाव्या शतकातला, वैद्य भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’तला. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं पचायला अतिशय हलकं आणि भूक वाढवणारं असतं, थोडं पित्त करतं, पण तेच वांगं तेल-मीठ घातलं की जड होतं, असा त्याचा अभिप्राय आहे. माझ्यासारख्या गोळ्या खाणाऱ्या माणसाला हे वाचून मौज वाटली. आमचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी हेच सांगतात, फी घेऊन.

आता थोडं घरचं. माझं लहानपण बागलाण तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरात दोन जागांची चूल होती. पुढच्या तोंडाशी जाळ आणि मागे वैल. स्वयंपाक संपला की चुलीतला विस्तव विझवायचा नाही, असा नियम होता. त्या निखाऱ्यांवर घरात एक दुसरा, न मोजलेला स्वयंपाक चाले. वांगं जाळाच्या तोंडाशी, कारण त्याची साल जळायला हवी. रताळी आणि कांदे मागे गरम राखेत पुरायचे, कारण त्यांना जाळ नको, सावकाश ऊब हवी. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्याच्या कडेला. पापड शेवटी, नुसत्या निखाऱ्यावर. एका चुलीत तीन-चार तापमानं होती आणि आईला त्यांच्या जागा डोळे मिटून माहीत होत्या. आजच्या ओव्हनला एक गोल बटण असतं, तिच्या चुलीला ते नव्हतं एवढाच फरक.

डोळे मिटून म्हणालो ते अलंकारिक नाही. धुरामुळे तिला डोळे मिटूनच बसावं लागे. फुंकणीने फुंकताना डोळ्यांतून पाणी, आणि थंडीत रात्रभर खोकला. साठीच्या आत तिची नजर अधू झाली होती, छातीही कामातून गेली होती. चुलीवरच्या चवीचं कौतुक करणारे लेख मी खूप वाचतो. ते बहुधा चुलीसमोर न बसलेल्यांनी लिहिलेले असतात. भरीत चुलीवरचंच चांगलं लागतं, हे मी नाकारत नाही. पण त्याची किंमत कोण भरत होतं, तेही त्याच वाक्यात यायला हवं.

नोकरीत बदल्या होत गेल्या आणि त्यामुळे भाजण्याचे आणखी तीन प्रकार जवळून पाहायला मिळाले.

पहिली बदली जळगाव जिल्ह्यात झाली. भरीत म्हणजे काय हे बागलाणच्या माणसाला माहीत असतं, असा माझा समज तिथल्या शिपायाने पहिल्याच हिवाळ्यात दूर केला. तिकडे भरताची वांगी वेगळी. मोठी, फिकट हिरवी, पांढुरक्या रेषांची आणि बी कमी असलेली. यावल तालुक्यातलं बामणोद त्यासाठी प्रसिद्ध. या वांग्याला २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळालं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्यांचा जाळ झटकन भडकतो आणि लवकर बसतो. त्यावर वांगी ओळीने लावतात आणि फिरवत राहतात. झालं की नाही हे देठाजवळ दाबून पाहतात, कारण वांगं देठाशी शेवटी शिजतं. मग ती ताटाखाली झाकून ठेवायची, म्हणजे वाफेने साल सुटते. पाण्याखाली धरून साल काढणाऱ्याला तिथे हाकलून देतील, कारण धुराचा वास पाण्याबरोबर वाहून जातो. गर लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायचा. वर कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. पंचवीस-तीस माणसं शेतात पंगत मांडून बसायची. शाखेतल्या थकबाकीदारांनीही आम्हाला बोलावलं होतं, आणि मॅनेजरसाहेबांनी जावं की नाही यावर दोन दिवस विचार केला होता. शेवटी गेले, आणि दोनदा वाढून घेतलं.

भरताला धर्माचाही आधार आहे. चातुर्मासात वांगं वर्ज्य असलेली घरं चंपाषष्ठीला ते पुन्हा सुरू करतात आणि खंडोबाला भरीत, बाजरीचा रोडगा व पातीचा कांदा असा नैवेद्य दाखवतात. आपल्या ओझरच्या खंडोबाची यात्रा त्याच दिवसाची. नैवेद्यातला रोडगाही गोवरीच्या विस्तवात भाजलेला. म्हणजे देवाच्या ताटात भाजलेले दोन पदार्थ, पण दोन्ही वेगवेगळे भाजलेले.

दुसरी बदली अलिबागला. तिथे पोपटी पाहिली आणि मिसळणं व भाजणं प्रथमच एका जागी भेटलं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा. खाणाऱ्यांसाठी अंडी आणि कोंबडीही. तोंडाशी पुन्हा पाल्याचा दाट बोळा. मग मडकं जमिनीवर उपडं करायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांतलं आणि पाल्यातलं पाणीच वाफ होऊन फिरतं, आणि मडक्याच्या अंगाला लागलेल्या शेंगा खरपूस होतात. सगळ्या जिन्नसांची वेळ सारखी कशी होते, हे मी एका शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बटाटा बारका निवडायचा. मोठी गोष्ट आहे ही. ओव्हनच्या पुस्तकात दोन पानं खर्च करून हेच सांगतात.

तिसरा प्रकार बदलीतला नव्हे, प्रवासातला. नाशिकहून पेठवरून धरमपूरकडे उतरलं की वलसाडच्या बाजूला हिवाळ्यात हमरस्त्यावर उंबाडियूच्या टपऱ्या लागतात. कंद, रताळी, बटाटे, पापडीच्या शेंगा, हिरवा मसाला, वासाचा रानपाला, आणि उपडं मडकं. पोपटीचं सख्खं भावंड. सुरतेच्या उंधियूचं नावही उपडं या अर्थाच्या गुजराती शब्दावरूनच आलं आहे, जरी आता ते बहुतेक घरांत तेलात, पातेल्यात होतं. उपडं मडकं हाच आपला जुना ओव्हन. फक्त त्याला शेत लागतं, पाला लागतो आणि दहा माणसं लागतात. एका कुटुंबाच्या, एका संध्याकाळच्या भाजीसाठी ते कोणी मांडत नाही.

या मडक्यात काय काय पडतं तेही पाहण्यासारखं आहे. वांगं मूळचं आपल्याकडचं. बटाटा, रताळं, टोमॅटो, मका, मिरची आणि ढोबळी मिरची ही सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यानंतरच्या काळात ती एकेक करून आपल्याकडे आली. ‘बटाटा’ आणि ‘कोबी’ हे शब्दही त्यांचेच. फ्लॉवर इंग्रजांबरोबर १८२२ साली सहारनपूरच्या बागेत आला. तेव्हा पोपटीतला बटाटा पाहून कोणी ‘पारंपरिक’ म्हणत असेल आणि ओव्हनमधली ढोबळी मिरची पाहून ‘परदेशी’, तर त्याने दोघांचे पासपोर्ट तपासावेत.

वांग्याने उलट प्रवास केला. संस्कृतातल्या नावावरून फारसी ‘बादिंगान’, त्यावरून अरबी, मग स्पॅनिश आणि पोर्तुगीज, आणि पोर्तुगीजांकडून ते इंग्रजीत ‘ब्रिंजल’ होऊन आपल्या बाजारात परत आलं. आपली पोरं ज्याला इंग्रजी नाव समजतात ते आपलंच जगप्रवास करून आलेलं नाव आहे. अरबांबरोबर ते स्पेनला गेलं तिथे कॅटालोनियात आजही वांगी, ढोबळी मिरची आणि कांदे निखाऱ्यावर भाजून, साल काढून, पट्ट्या करून वर ऑलिव्हचं तेल सोडून खातात. पदार्थाचं नाव एस्कालिवादा, आणि ते ज्या क्रियापदावरून आलं त्याचा अर्थच निखाऱ्यावर भाजणं. कुठे बामणोद आणि कुठे बार्सिलोना! इंग्रजांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडे रविवारी ओव्हनमध्ये मांसाचा मोठा तुकडा आणि त्याच चरबीत भोवती बटाटे, गाजरं. भाजी तिथे बाजूला बसणारी, दुय्यम. ‘साइड डिश’ म्हणतात ते हेच. पण आपल्या ताटाला डावी बाजू आहेच की. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, दह्यातलं भरीत ही सगळी डाव्या हाताची मंडळी. ती थोडी वाढायची, पण ती नसली तर ताट मुकं वाटतं. भाजलेल्या भाज्यांची जागा मला तिथेच दिसते.

आता बंद भट्टी शहरात कशी आली ते. पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर, शब्दासकट. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वर नारळाच्या करवंट्या-सोडणांचे निखारे ठेवून भाजत. देवळालीला इंग्रजांची मोठी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून सोजिर तिथे इतके कंटाळत की वेड लागल्याला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणायची पद्धत त्या देवळालीवरूनच पडली. पाव आणि भाजलेला बटाटा त्यांच्या रोजच्या खाण्यातला, तेव्हा भट्ट्याही आल्याच. पण मराठी घरात भट्टी नव्हती. मी कॉलेजसाठी नाशिकला आलो तेव्हा दिवाळीच्या आधी बायका मैदा, तूप, साखर डब्यांत घेऊन बेकरीत जात आणि पत्र्याच्या ट्रेवर आपापली नानकटाई लावून भाजून आणत. कोणाचा ट्रे कोणता, यावरून भांडणंही होत. अख्ख्या गल्लीचा ओव्हन एकच. तिथे भाजी भाजावी असं मात्र कोणाला सुचलं नाही. भट्टीला वांग्याचा वास लागला असता तर बेकरीवाल्याने उभं केलं नसतं.

घरातलं इंधन बदलत गेलं तसं भाजणं मागे पडलं. स्वीडनमध्ये १८९२च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे पंपाचा स्टोव्ह म्हणून आला. नंतर वातीचा ‘नूतन’ आला. वांगं स्टोव्हवर धरलं तर रॉकेलचा वास. भारतात घरगुती गॅसची विक्री मुंबईत १९५५च्या सुमारास सुरू झाली. नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात सिलिंडर यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली, आणि नंबर लागला की पेढे वाटले जात. गॅसवर जाळी ठेवून वांगं भाजता येतं, पण शेगडी राड होते आणि राख नसल्यामुळे रताळं-कांदा भाजणं बंदच झालं. प्रेशर कुकरने रताळं उकडायला शिकवलं. पाककृतींच्या पुस्तकांचा जमाना तर केव्हाच सुरू झाला होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१०चं, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची, जी आमच्या घरात हळदीच्या डागांसकट अजून आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. तो वाढदिवसाच्या केकसाठी बाहेर निघे आणि वर्षभर माळ्यावर राही. त्याच सुमारास सरकारी अनुदानाचा सौर कुकरही काही गच्च्यांवर दिसे. डाळ-भात होई, पण भाजी खरपूस होण्याइतकी आच त्यात नव्हती.

खरपूसपणाचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण सभेत कोणीतरी ‘ओव्हनमध्ये फक्त सुकतं’ असं म्हणालं होतं. पाण्यात किंवा वाफेत भाजी शंभर अंशांच्या पलीकडे जात नाही. वरचं पाणी उडालं की पृष्ठभाग तापतो, भाजीतली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची क्रिया होऊन तपकिरी रंग व तो विशिष्ट वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया वर्णन केली. निखारा, मडकं, ओव्हन सगळीकडे हेच घडतं. फरक धुराचा. ओव्हनमध्ये धूर नाही, त्यामुळे धुराची चवही नाही. हे मान्य केलं पाहिजे, उगाच बढाई नको.

आता आपल्या गच्चीची गोष्ट. सोसायटी झाल्यावर पहिली काही वर्षं जानेवारीत गच्चीवर भरीत होत असे. बी विंगमधल्या एक आजी मूळच्या खानदेशातल्या. त्या घरून बडगी आणत, पत्र्याच्या घमेल्यात कोळसे पेटवत आणि वांगी स्वतः फिरवत. कोणाला हात लावू देत नसत. पुढे गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि विस्तवामुळे ते खराब होण्याची भीती निर्माण झाली. शिवाय वरच्या मजल्यावर दम्याचा एक मुलगा होता. एका जानेवारीत धूर त्यांच्या खिडकीतून आत गेला आणि त्याला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या सभेत गच्चीवर विस्तव बंद करण्याचा ठराव आला. मी ठरावाच्या बाजूने मत दिलं, आणि आजही देईन. आजी मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही आपल्याकडचे ना? मग तुम्हीच असं म्हणता?” मी त्यांना माझ्या आईबद्दल सांगितलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंचंही तसंच झालं होतं. ठराव मंजूर झाला, पण त्यानंतर कार्यक्रमच बंद पडला. चार-पाच वर्षं जानेवारीत काहीच झालं नाही. एका घरातला धूर थांबला हे बरोबरच झालं, पण त्याबरोबर विंगांची एकमेकांशी ओळखही थांबली. याचा हिशेब कोणी मांडला नाही.

२०२०च्या टाळेबंदीत घरोघरी ओव्हन आले. बेकऱ्या बंद, मुलं घरात. पावाचं वेड ओसरल्यावर तरुण सुनांनी आणि, नोंद घ्यावी, काही मुलग्यांनीही त्यात भाज्या भाजायला सुरुवात केली. बाजारही अनुकूल होता. गिरणारे आणि पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, आसपासच्या शेडनेटमधली लाल-पिवळी ढोबळी मिरची, ब्रोकोली, हे सगळं आपल्या दाराशी पिकतं आणि मुंबईला जातं. ज्या लेकरांना फ्लॉवरची भाजी चालत नव्हती ती ट्रेमधला करपलेल्या कडेचा फ्लॉवर हाताने उचलून खाऊ लागली, हे मी माझ्या नातीच्या बाबतीत पाहिलं आहे.

निर्बंध उठल्यावर जानेवारीत पुन्हा जमायचं ठरलं ते ओव्हनच्या जोरावर. पहिल्या वर्षी चार ओव्हन हॉलमध्ये आणून एकाच बोर्डावर लावले. प्रत्येकी दीड हजार वॅट, म्हणजे सहा किलोवॅट! एमसीबी पडला आणि अर्धी विंग अंधारात गेली. तेव्हापासून ज्याने त्याने आपापल्या घरी भाजायचं आणि ट्रे लिफ्टने खाली आणायचे, अशी पद्धत पडली. खर्चाचं म्हणाल तर असा ओव्हन तासभर अखंड चालला तर दीड युनिट, आणि मधे मधे तो आपोआप बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

जे नव्याने करणार आहेत त्यांच्यासाठी आमच्या घरची रीत. ओव्हन आधी दहा मिनिटं दोनशे अंशांवर तापवून घ्यायचा. गाजर, रताळं, बटाटा, बीट यांचे तुकडे लहान करायचे आणि आधी घालायचे. पंधरा मिनिटांनी फ्लॉवर, कांदा, वांगं. ढोबळी मिरची आणि टोमॅटो शेवटी. तेल फक्त हाताने चोळण्यापुरतं. ट्रेमध्ये गर्दी करू नये, एकावर एक रचलं तर सुटलेल्या पाण्याची वाफ होऊन भाजी उकडते. मधे एकदा उलटायचं. एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मसाला म्हणाल तर बाहेरची वाळलेली पानं आमच्याकडे चालत नाहीत. पोपटीची आठवण म्हणून ओवा आणि मीठ, आणि बाहेर काढल्यावर तीळकूट व लिंबू. भोगीचा तीळ आणि अलिबागचा ओवा एका ट्रेमध्ये आले, याचं श्रेय पत्नीचं.

भरीतही त्या दिवशी असतं. वांगी ओव्हनमध्ये वरच्या कॉइलखाली, साल काळी होईपर्यंत. टोचून घ्यायला विसरू नये, नाहीतर फुटतात. धुरासाठी एक युक्ती आजींनीच सांगितली होती. ठेचलेल्या भरतात मध्यभागी कांद्याच्या पाकळीत एक पेटता निखारा ठेवायचा, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि लगेच ताट झाकायचं. निखारा एकच, पाच मिनिटांपुरता, तोही खाली मोकळ्या आवारात. त्या मुलाच्या आईवडिलांनाही विचारूनच हे सुरू केलं. पहिल्या वर्षीचं ते भरीत आजींनी चाखलं. म्हणाल्या, “सत्तर टक्के.” बँकेत आम्ही तेवढ्यावर कर्ज मंजूर करत होतो. पुढच्या दिवाळीत त्या गेल्या. बडगी त्यांच्या सुनेने जपून ठेवली आहे. लाकूड तडकू नये म्हणून तिला अधूनमधून तेलाचा हात लावतात, आणि जानेवारीत ती खाली येते.

यंदाच्या जेवणासाठी वांगी जळगावहून एस.टी.ने मागवायची आहेत. ज्यांचे ओव्हन चालू स्थितीत आहेत त्यांनी आपली नावं आणि ट्रेचं माप डिसेंबरअखेर कार्यालयात द्यावं. सी विंगचं एकही नाव अजून आलेलं नाही.